उजव्या हाताला जंगल

देवळाला घालतात तशी या जंगलाला एकदा पूर्ण प्रदक्षिणा घालायची, हे माझ्या मनात फार दिवसांपासून होतं. मी मुलुंडची. संजय गांधी राष्ट्रीय उद्यान म्हणजे बोरिवलीचं, अशी सगळ्या मुंबईची समजूत आहे, कारण मोठं फाटक तिथे आहे, तिकीटखिडकी तिथे आहे आणि कान्हेरीचा रस्ताही तिथूनच निघतो. पण सुमारे १०४ चौरस किलोमीटरचं हे जंगल दहिसरचंही आहे, घोडबंदरचं आहे, ठाण्याचं, मुलुंडचं, भांडुपचं आणि गोरेगावचंही आहे. कडेला राहणाऱ्या प्रत्येकाला त्याची एकच बाजू दिसते. आमचा सूर्य या डोंगरामागे बुडतो, बोरिवलीकरांचा त्याच्यामागून वर येतो. मला सगळ्या बाजू एका ओळीत पाहायच्या होत्या.

२०२४ च्या पावसाळ्याअखेरीस कारवी फुलल्याच्या बातम्या आल्या आणि मी निघाले. बोरिवलीपासून उत्तरेला दहिसर, तिथून घोडबंदर, ठाणे, मुलुंड, भांडुप, पवई आणि शेवटी आरे. जंगल कायम उजव्या हाताला राहील अशी वाट. जमेल तिथे पायी, नाही तिथे बस आणि रिक्षा. सलग नव्हे, सवडीसवडीने.

बोरिवली पूर्वेला स्टेशनाबाहेर फुटपाथवर पाड्यांवरच्या बायका वाटे लावून बसल्या होत्या. कर्टुली संपत आली होती. दसरा जवळ आलेला, त्यामुळे भाताच्या लोंब्या, आंब्याचे डहाळे आणि आपट्याची पानं. जंगलाची पहिली भेट बोरिवलीकरांना रोज इथे होते, महामार्ग ओलांडण्याआधीच. लोक भाव करतात, पिशवीत टाकतात आणि लोकल पकडतात. या बायका आल्या कुठून, हे विचारायला कुणाला वेळ नसतो. मी विचारलं तर एक मावशी म्हणाल्या, "आतून." त्यांच्या लेखी तेवढा पत्ता पुरेसा होता.

फाटकावर पिशव्या तपासतात, प्लास्टिक काढून घेतात. हे काम करणाऱ्यांशी लोक हुज्जत घालतात ते पाहून मला नेहमी वाईट वाटतं. आत शिरल्यावर सुरुवातीचा भाग उद्यानाचा आहे, बाकडी आणि खेळण्यांचा. ज्येष्ठ नागरिक चालतात, मुलं सायकली भाड्याने घेतात. जंगल सुरू होतं ते कान्हेरीच्या रस्त्याला लागल्यावर. पुढचे पाचसहा किलोमीटर पायी जावेत, असं मी प्रत्येकाला सांगते. बाजूने दहिसर नदी वाहत असते. बाहेर दहिसरला ज्यांनी हिला पाहिलं आहे, त्यांना ही तीच नदी आहे हे सांगून पटत नाही. इथे तळाचे गोटे दिसतात, काठावर पांगारा, कळंब आणि ऐन उभे आहेत, दगडावर खंड्या बसलेला असतो.

कारवी रस्त्यालगत फार नव्हती, पण चढावर एका वळणानंतर उतारच्या उतार जांभळे झालेले दिसले. कारवीचं झुडूप सात वर्षं नुसतं पानावर असतं. आठव्या वर्षी सगळं रान एकदम फुलतं, बी धरतं आणि वाळून जातं. २०१६ च्या बियांतून उगवलेली ही पिढी संपली, आता यातून पडलेलं बी २०३२ च्या तयारीला लागेल. वारली घरांच्या कुडाच्या भिंती याच वाळक्या कारवीच्या काठ्यांच्या असतात. त्यावर शेणमातीचा लेप आणि त्या लेपावर चित्रं. फुलांवर मधमाश्यांची अशी गर्दी होती की उताराजवळ उभं राहिलं की आवाज अंगावर येत होता. एक राणी पाकोळी, आपलं राज्य फुलपाखरू, त्या गर्दीतून सावकाश निघून गेली.

कान्हेरीवर पुष्कळ लिहिलं गेलं आहे. शंभराहून अधिक लेणी, इसवी सनाच्या सुरुवातीच्या शतकांपासून जवळजवळ हजार वर्षं वापरात असलेली. तिसऱ्या क्रमांकाचा चैत्य आणि त्याच्या ओसरीतले दोन प्रचंड उभे बुद्ध, एकेचाळीस क्रमांकातला अकरामुखी अवलोकितेश्वर, नव्वद क्रमांकाच्या लेण्यात इराणी प्रवाशांनी १००९ आणि १०२१ साली पहलवी लिपीत कोरून ठेवलेली नावं. कल्याण, सोपारा, नाशिक, चौल इथल्या व्यापाऱ्यांनी दिलेली दानं. हे सगळं पाहावंच. मी मात्र या वेळी पाणी पाहायला गेले होते.

जवळपास प्रत्येक लेण्याच्या दाराशी कातळात खोदलेलं पाण्याचं टाकं आहे. जुन्या लेखांत त्याला पोढी म्हटलं आहे. डोंगरमाथ्यावर पडलेला पाऊस बारीक कोरलेल्या चरांतून या पोढींत उतरतो. चार महिन्यांच्या पावसावर उरलेले आठ महिने काढायचे, तेही शेकडो भिक्षूंनी, उघड्या कातळावर. एका पोढीवरचा लेख सातवाहन काळातला आहे. वासिष्ठीपुत्र सातकर्णीची राणी, कार्दमक कुळातल्या महाक्षत्रपाची मुलगी, आणि सतेरक नावाच्या अमात्याने दिलेलं पाण्याचं टाकं, असा तो मजकूर. सातवाहन आणि क्षत्रप ही एकमेकांशी लढणारी दोन घराणी. त्यांच्यातल्या सोयरिकीचा एवढा मोठा पुरावा राजवाड्याच्या भिंतीवर सापडला नाही, तो बोरिवलीच्या जंगलातल्या टाक्यावर सापडला. दान करावं असं सर्वांत मोलाचं काही इथे असेल तर ते पाणी, हे त्या अमात्याला नीट कळत होतं.

आणि हे जंगल आजवर टिकलं तेही पाण्यामुळेच. माझं हे म्हणणं या वाटेवर पुढे पुढे पक्कं होत गेलं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला मुंबई बेटावरच्या विहिरी आणि तळी वस्तीला पुरेनात. दुष्काळी सालात गलबतांनी आणि गाड्यांनी पाणी आणायची वेळ आली. हेन्री कॉनिबेअर नावाच्या अभियंत्याने साष्टीच्या डोंगरांतल्या विहारच्या खोऱ्यात बांध घालण्याची योजना मांडली आणि १८६० साली मुंबईला पहिल्यांदा नळाचं पाणी मिळालं. ते पुरेना, म्हणून वरच्या अंगाला तुळशी बांधला गेला, १८७९ साली. तलाव स्वच्छ राहायचे तर त्यांना पाणी देणारे डोंगर मोकळे राहायला हवेत. म्हणून भोवतालची जमीन राखली गेली. गावं उठली, शेतं गेली. ज्यांची गेली त्यांना विचारलं कुणी नाही. स्वातंत्र्यानंतर १९५० साली मुंबई राष्ट्रीय उद्यानाचा कायदा झाला, आधी कृष्णगिरी, मग बोरिवली आणि पुढे आजचं नाव आलं, क्षेत्र टप्प्याटप्प्याने वाढलं. पण पायाची रेघ ओढली होती ती तलावांनी. शहराला तहान लागली होती म्हणून जंगल वाचलं.

दहिसरपासून पुढे महामार्गाच्या कडेने भिंत सुरू होते. कुठे उंच, कुठे पडकी, कुठे तिलाच टेकून उभी राहिलेली घरं. केतकीपाड्याच्या चढावर अर्धी वस्ती डोंगरावर आणि अर्धी रस्त्यावर. हा भाग मी भराभर ओलांडला, पण एक गोष्ट सांगायला हवी. १९९५ साली बॉम्बे एन्व्हायर्नमेंटल ॲक्शन ग्रुप या संस्थेने उच्च न्यायालयात याचिका केली आणि ७ मे १९९७ रोजी न्यायालयाने उद्यानातली अतिक्रमणं काढण्याचा आदेश दिला. हजारो झोपड्या पडल्या. १९९५ पूर्वीचा पुरावा असणाऱ्यांना पर्यायी घरासाठी सात हजार रुपये भरायला सांगितलं गेलं, आणि ते पुष्कळांकडे नव्हते. त्या काळात पोटापाण्यासाठी आलेल्या माणसाला मुंबईने कुठे घर दिलं असतं? तरीही मला वाटतं, तो आदेश झाला नसता तर आज पश्चिमेकडचे उतार उरले नसते. या दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत आणि त्यांतल्या एकीने दुसरी पुसली जात नाही.

घोडबंदरला उजवीकडे डोंगर आणि डावीकडे उल्हास नदीची खाडी. खाडीपलीकडचा नागलाचा तुकडा उद्यानाचाच आहे, आणि त्याच्या उत्तरेला तुंगारेश्वर अभयारण्य. नकाशावर हे सगळं एक हिरवं कापड दिसतं. जमिनीवर मात्र त्या कापडाला चार चिरा आहेत: घोडबंदर रस्ता, खाडी, वसई-दिवा रेल्वे आणि चिंचोटीचा रस्ता. मी नाक्यावर चहा घेत ट्रक मोजायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला. रात्री हे कमी होतात का, असं टपरीवाल्याला विचारलं. "रात्रीच तर जास्त," तो म्हणाला. रात्र ही बिबट्याची वेळ.

इथे आजोबाची गोष्ट आठवतेच. २००९ साली टाकळी ढोकेश्वरजवळच्या विहिरीत पडलेल्या एका नर बिबट्याला वनखात्याने बाहेर काढलं. बिबट्यांच्या अभ्यासक विद्या अत्रेय यांनी त्याच्या गळ्यात जीपीएस पट्टा बांधला आणि त्याला माळशेजला सोडण्यात आलं. नाव ठेवलं आजोबा. तो चालत निघाला. कसाऱ्याचा रेल्वेमार्ग, आग्रा महामार्ग, गावं, शेतं आणि खाडी ओलांडत सुमारे सव्वाशे किलोमीटरचं अंतर कापून महिन्याभरात मुंबईच्या दाराशी येऊन पोचला. वाटेत कुणावर हल्ला नाही, कुणाला पत्ताही नाही. त्याच्यावर सुजय डहाके यांनी २०१४ साली मराठी चित्रपट केला. पण चित्रपट यायच्या आधीच, २०११ च्या डिसेंबरात, मुंबईजवळच्या एका महामार्गावर वाहनाच्या धडकेने तो मेला होता.

या बिबट्यांना जाण्यायेण्याची वाट हवी. ती नसेल तर १०४ चौरस किलोमीटरचं जंगल बेट होईल आणि बेटावरचे प्राणी आपसांतच वीत राहतील, नवं रक्त येणार नाही. वाट करणं अशक्य आहे असंही नाही. आपल्याच विदर्भात पेंचमधून जाणाऱ्या नागपूर-सिवनी महामार्गाखाली प्राण्यांसाठी मोकळे मार्ग ठेवले आहेत आणि वाघांसकट अनेक प्राणी त्यांतून जाताना कॅमेऱ्यांत टिपले गेले आहेत. लॉस एंजेलिसजवळ दहा पदरी महामार्गावर पहाडी सिंहांसाठी माती आणि झाडं असलेला पूल बांधायला २०२२ साली सुरुवात झाली. घोडबंदर रस्ता रुंद करायला, त्यावर मेट्रो चढवायला पैसे मिळतात. मग एका भुयारी वाटेचं काय अडलं आहे, असं मला तिथे उभं असताना फार तीव्रतेने वाटलं.

ठाण्यात येऊरला चढले. फाटकातून आत जाईपर्यंत जंगल आहे आणि आत गेल्यावर बंगले, हॉटेलं, लग्नाचे हॉल. आदिवासी पाडे त्यांच्या मागे. शनिवारची संध्याकाळ होती, डीजे सुरू होता. मी लवकर खाली उतरले. टिकुजिनीवाडीजवळ मात्र थांबले, कारण तिथून मागाठाण्यापर्यंत, म्हणजे या प्रदक्षिणेचा मधोमध व्यास धरून, जोडबोगदा व्हायचा आहे. सुमारे १०.२५ किलोमीटर जंगलाच्या पोटातून. ठाणे ते बोरिवली दीड तासाचं अंतर काही मिनिटांवर येईल, असं सांगतात. वरून रस्ता नेण्यापेक्षा खालून नेणं बरं, हे मी मान्य करते. पण तुळशीच्या आणि झऱ्यांच्या पाण्याच्या वाटा कातळाच्या भेगांतून जातात. त्या भेगांजवळ काय होतं याची मोजणी बोगदा सुरू असताना आणि नंतरही कितीतरी वर्षं व्हायला हवी आणि ती लोकांना वाचायला मिळायला हवी.

मुलुंड. माझ्या घराच्या गच्चीवरून उद्यानाची कड दिसते. मुलुंड कॉलनीच्या मागे डोंगर सुरू होतो, पायथ्याला चाळी, त्यांच्या पलीकडे टॉवर. आमच्या लहानपणी तिथे भरपूर रान होतं आणि बिबट्याचं नाव फारसं ऐकू येत नसे. मग २००२ ते २००४ ही वर्षं आली. हल्ले वाढत गेले, आणि २००४ सालच्या एका जून महिन्यातच दहा जणांचा बळी गेला. मेलेली माणसं बहुतेक गरीब होती, पुष्कळशी मुलं, अंधारात शौचाला बाहेर गेलेली किंवा अंगणात खेळणारी. आमच्या इमारतीत संध्याकाळी सातनंतर मुलांना खाली सोडत नसत. पिंजरे लागले, बिबटे पकडले गेले. जितके पकडले तितकी भीती कमी होईल असं आम्हाला सर्वांना वाटायचं.

घडत उलट होतं. विद्या अत्रेय यांनी जुन्नर भागातल्या कामातून दाखवलं की बिबट्याला पकडून परक्या ठिकाणी सोडलं की तिथे हल्ले वाढतात. बाहेर पकडलेले बिबटे या जंगलात आणून सोडले जात होते. घर सुटलेलं जनावर, अनोळखी मुलूख, भोवती भटकी कुत्री आणि कचऱ्याचे ढीग. शिवाय एका बिबट्याला उचललं की त्याची जागा घ्यायला दुसरा येतोच. २०११ साली वनखात्याने, सुनील लिमये उद्यानाचे संचालक असताना, 'मुंबईकर्स फॉर एसजीएनपी' हा उपक्रम सुरू केला. संशोधक, पोलीस, पालिका, शाळा, सोसायट्या आणि पत्रकार एकत्र बसले. वस्त्यांमध्ये शौचालयं, दिवे आणि कचरा उचलणं यावर बोलणं सुरू झालं. बिबट्या नुसता दिसला म्हणून पिंजरा लावायचा नाही, हे ठरलं. बातम्यांमधला 'नरभक्षक' शब्दही हळूहळू कमी झाला.

२०१५ साली निकित सुर्वे यांनी ट्रॅप कॅमेऱ्यांनी मोजणी केली तेव्हा उद्यान आणि भोवतालच्या भागात ३५ बिबटे मिळाले. २०२४ च्या मोजणीत ५४. बिबटे वाढले, आणि तरी २००४ सारखं साल पुन्हा आलं नाही. हे वाक्य मी मुलुंडमध्ये राहून लिहिते आहे आणि त्यातून मला खरोखर आशा वाटते. सव्वा कोटींच्या शहरात एवढ्या दाटीने बिबटे नांदतात, असं उदाहरण जगात दुसरं शोधून सापडणार नाही, आणि ते कुणा एकाच्या शौर्याने झालेलं नाही. वेळेवर उचललेला कचरा, वस्तीतला दिवा आणि रात्री दोनला फोन उचलणारा वनरक्षक यांनी ते झालं आहे.

आमच्या मागच्या वस्तीत एका आजींना मी बिबट्याबद्दल विचारलं. त्या चाळीस वर्षं तिथे राहतात. म्हणाल्या, "येतो. कुत्रं नेतो. आम्ही पोरांना रात्री आत घेतो. त्याचं पण घर इथंच आहे ना बाई." त्यांच्या घराला तेव्हाही पत्र्याचं दार होतं आणि नळ गल्लीच्या टोकाला. सहनशीलतेचा सगळा भार अशाच माणसांवर पडतो. टॉवरमधल्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर बिबट्याची चित्रफीत आली की पिंजऱ्याची मागणी आधी तिथून होते.

भांडुपच्या खिंडीपाड्याला गोरेगाव-मुलुंड जोडरस्त्याच्या बोगद्याचं काम आहे. हा दुसरा बोगदा, ४.७ किलोमीटरचा, फिल्मसिटीपासून इथपर्यंत. त्याच्या आसपास पालिकेचं जलशुद्धीकरण संकुल पसरलं आहे. शहापूर आणि वाड्याकडच्या दूरच्या धरणांतलं पाणी इथे येतं, स्वच्छ होतं आणि मुंबईच्या घराघरांत जातं. आज शहराला रोज सुमारे चार हजार दशलक्ष लिटर पाणी मिळतं. त्यात विहारचा वाटा सुमारे ९० आणि तुळशीचा १८ दशलक्ष लिटर. म्हणजे शंभरात तीनही नाही. ज्या तहानेसाठी जंगल राखलं, ती तहान आता बाहेरून भागते, आणि म्हणूनच मला काळजी वाटते. गरज संपली की राखण ढिली पडते.

मग पवई. जंगल पाणी राखतं याचा मला हवा होता तो पुरावा इथे मिळाला, आणि तो इतका उघड्यावर होता की इतकी वर्षं डोळ्यांआड कसा राहिला याचं नवल वाटलं. डोंगरांच्या या एकाच रांगेत इंग्रजांनी तीन तलाव बांधले: विहार १८६०, तुळशी १८७९, पवई १८९१. पहिले दोन जंगलात आहेत आणि आजही त्यांचं पाणी शहर पितं. पवई जंगलाच्या बाहेर राहिला. त्याच्या भोवती वसाहती आल्या, कारखाने आले, टॉवर आले, सांडपाणी आलं. पवईचं पाणी आता पिण्यालायक नाही. जलपर्णी वाढते, ती काढायला दरवर्षी पैसे खर्च होतात. मगरी तरीही तग धरून आहेत. पवईहून विहारचा बांध काही मोठ्या अंतरावर नाही. तोच पाऊस, तोच कातळ. फरक आहे तो काठावरच्या झाडांचा.

विहार आणि पवई या दोन तलावांच्या सांडव्यांतून मिठी नदी सुरू होते. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा ती काय करू शकते हे आपण पाहिलं. वरच्या अंगाला जंगलाने जो पाऊस थोपवून धरला, तो कुणाच्या बातमीत आला नाही.

पवईहून आरेत शिरलं की रस्ता झाडांखाली जातो. आरे दूध वसाहत १९४९ साली उभी राहिली, दारा खुरोडी यांच्या पुढाकाराने; शहरातले गुरांचे गोठे बाहेर काढून मुंबईला चांगलं दूध देण्यासाठी. १९५१ मध्ये पंडित नेहरूंनी तिचं उद्घाटन केलं. तबेले आजही आहेत, गवताची शेतं आहेत आणि त्यांच्यामध्ये सत्तावीस आदिवासी पाडे. कागदावर आरे उद्यानाच्या बाहेर, पण बिबट्याला तो कागद वाचता येत नाही. २०१६ साली नयन खानोलकर यांच्या एका छायाचित्राला वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर स्पर्धेत शहरी वन्यजीव विभागाचं पहिलं पारितोषिक मिळालं. आरेतल्या पाड्याची गल्ली आणि घरांच्या बाजूने जाणारा बिबट्या. ज्यांनी ते पाहिलं नसेल त्यांनी शोधून पाहावं.

पाड्यावर मी गेले तेव्हा वाघबारस जवळ आली होती. वारली लोक बिबट्यालाही वाघच म्हणतात. वाघोबाचं ठाणं झाडाखाली, शेंदूर लावलेला दगड किंवा कोरलेली लाकडी फळी. दिवाळीच्या तोंडावर, वाघबारशीला, त्याला मान दिला जातो: आमची गुरं राख, आमची पोरं राख, आम्ही तुझं राखतो. पाड्यावरच्या एका ताईंना मी विचारलं, भीती नाही वाटत का? त्या म्हणाल्या, "वाटते की. म्हणून तर मान द्यायचा." आणि याच आरेत २०२२ च्या दिवाळीत, पहाटेच्या अंधारात, एका दीड वर्षाच्याही आतल्या मुलीला बिबट्याने उचललं. ती वाचली नाही. ज्या आईवर हे कोसळलं तिला सहजीवनावर भाषण देण्याचा अधिकार मला नाही. तिच्या अंगणात दिवा आणि घरात पाणी व संडास असणं, हे पाहणं मात्र आपलं सगळ्यांचं काम आहे.

मेट्रोच्या कारशेडची जागा मी बाहेरून पाहिली. ४ ऑक्टोबर २०१९ ला उच्च न्यायालयाने तिथल्या झाडतोडीविरुद्धच्या याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री करवती चालल्या. सर्वोच्च न्यायालयाने ७ तारखेला थांबवेपर्यंत दोन हजारांवर झाडं पडली होती. त्या रात्री तिथे धावून गेलेल्या तरुण मुलामुलींना अटक झाली. मेट्रो हवी, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. लोकलच्या दारात लटकून ज्याने प्रवास केला आहे त्याला ती नको कशी वाटेल? पण झाडतोड रात्रीत उरकण्याची घाई मला आजही पटलेली नाही. त्या आंदोलनाचं फळ मात्र मिळालं: आरेतली ८१२ एकर जमीन नंतर राखीव जंगल म्हणून जाहीर झाली. माझ्या या फेरीच्या दिवसांतच आरे ते बीकेसी मेट्रो सुरू झाली. स्टेशनात उतरताना बाजूच्या झाडीतून तांबटाची टुकटुक ऐकू येत होती.

ज्यांच्या खिडकीतून हे जंगल दिसतं, त्यांना माझी काही मागणी आहे. इमारतीच्या जाहिरातीत जंगल विकलं गेलं आणि आपण ते विकत घेतलं, तर आता त्याचं देणंही द्यायला हवं. कचरा भिंतीपलीकडे टाकू नका आणि टाकणाऱ्याला टाकू देऊ नका. बिबट्या दिसला तर त्याच्या मागे मोबाइल घेऊन धावू नका, वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा, आणि नुसता दिसला म्हणून पिंजरा मागू नका. मागायचंच असेल तर पाड्यांना नळ मागा, वस्त्यांना शौचालयं मागा, घोडबंदरला प्राण्यांसाठी वाट मागा, बोगद्यांच्या पाण्याच्या नोंदी मागा. नगरसेवकाकडे, आमदाराकडे, प्रत्येक सभेत मागा. आणि एकदा तरी तिकीट काढून आत जा, कान्हेरीच्या पोढीशेजारी बसा, पाणी किती खाली गेलं आहे ते बघा. उद्यान सोमवारी बंद असतं, बाकी सगळे दिवस उघडं.